घर सांभाळायला ठेवलेला माणूस

बेळगावचं घर सांभाळायला माणूस पाहिजे, असं मी ओळखीपाळखीत सांगायला लागले तेव्हा आईला जाऊन सात महिने झाले होते. घर म्हणजे उद्यमबागेच्या, तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीच्या, मागच्या अंगाला तीस बाय चाळीसची साईट. आमच्याकडे प्लॉटला साईटच म्हणतात. पुढे आईच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागे ओळीनं चार भाड्याच्या खोल्या, मधे फरशीचं अंगण, अंगणात पाण्याची टाकी आणि एक शेवग्याचं झाड. आप्पा, आमचे वडील, फौंड्रीत लोखंडाच्या ओतकामाला होते. पाळी संपवून आले की स्वतः विटा उचलायचे. एकेक खोली करत पाच वर्षांत त्यांनी ते घर उभं केलं, आणि पुढची तीस वर्षं आईनं ते चालवलं.

मी पुण्यात एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. थोरला भाऊ, आमचा अण्णा, बंगळूरला असतो. आईची शेवटची दोन वर्षं माझ्याकडे गेली, आणि तेवढ्या काळात मागच्या खोल्यांतली जुनी बिऱ्हाडं पांगली. नवीन आले ते लांबच्या राज्यांतले फौंड्रीचे कामगार. घरमालक कोण, दिसतो कसा, हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांचं त्यावाचून अडतही नव्हतं. अण्णाचं म्हणणं सरळ होतं, विकून टाकू. तो काही वाईट माणूस नाही. त्याला मागं वळून बघायला आवडत नाही, एवढंच. मी म्हणाले, एक वर्ष दे. माणूस ठेवते. घर नीट चाललं तर ठेवायचं, नाहीतर तू म्हणशील तिथं सही करते. तो म्हणाला, "एक वरीस. मग रडायचं न्हाय."

रडायचं नाही म्हणजे काय, ते त्याला माहीत होतं आणि मलाही. आमचं मूळ गाव निपाणी, तिथले सगळे नातेवाईक कोल्हापूर-इचलकरंजीला गेले. हे घर गेलं की बेळगावच्या स्टँडवर उतरायला मला कारणच उरणार नव्हतं. मी आयुष्यभर या गावातून बाहेर पडायची धडपड केली, आणि पन्नाशी उलटल्यावर तिथं परत जायला निमित्त शोधत बसले होते. स्वतःच्या या तऱ्हेवर मलाच हसू यायचं.

माणूस निवडायला मी दिवाळीच्या सुट्टीत गेले. पहिला आला तो कडक इस्त्रीतला तरुण, हातात टॅबलेट. त्यानं घराकडे न बघता मला 'रिटर्न' समजावून सांगायला सुरुवात केली. शेवगा तोडून तिथं पार्किंग काढू म्हणाला. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. दुसऱ्याला सगळ्यात आधी वटमुखत्यारपत्र पाहिजे होतं. इतक्या आपुलकीनं मागत होता की माझा हात आपोआप पर्सवर गेला. तिसरे आले ते साठीचे गृहस्थ, जुन्या स्कूटरवरून. सरकारी कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, गावातल्या जुन्या घराण्यातले. घंटी वाजवायच्या आधी त्यांनी घराला एक चक्कर मारली होती. खुर्चीवर बसता बसता म्हणाले, "टाकी मागल्या अंगानं गळत्याय. भिंतीला वल धरलीया. आन् त्या शेवग्याची फांदी पत्र्यावर घासत्या, ती तेवढी काढाय पायजे. झाड ऱ्हाऊ दे."

झाड राहू दे म्हणाले आणि मी त्यांना ठेवून घेतलं.

त्यांच्याकडे बाहेरगावी गेलेल्या लोकांची नऊ घरं होती. कापडी पिशवीत नऊ घरांच्या किल्ल्या, प्रत्येकीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला. आमचं दहावं. करारासाठी त्यांनी माझं नाव विचारलं, मी सासरचं सांगितलं. गावाच्या नावाला 'कर' लावून झालेलं आडनाव. त्यावरून माणूस कोण ते ओळखता येत नाही. माहेरचं आडनाव त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फाटकावरची आप्पांच्या नावाची पाटी अण्णानं रंगकामाच्या वेळी काढली होती, ती परत लागलीच नव्हती. बाहेरच्या खोलीत आईनं लावलेल्या दोन तसबिरी मी पुण्याला नेल्या होत्या. आमच्या आतल्या खोलीत आहेत त्या. दर्शनी भिंतीला लावाव्यात असं खूपदा मनात येतं, पण लावल्या नाहीत. शेजारी दोन्ही बाजूंना अपार्टमेंट झालेली, जुनं ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. म्हणजे मी खोटं काही बोलले नाही. फक्त आयुष्यभर जे करत आले तेच केलं. समोरच्यानं आपल्याला जे समजायचं ते समजावं, आपण गप्प राहावं.

त्यांचं काम चोख होतं. पंधरा दिवसांत टाकी दुरुस्त झाली, पत्रा वाजायचा थांबला, चारही खोल्यांचे अकरा महिन्यांचे करार झाले. अण्णा फोनवर म्हणाला, "माणूस बरा घावला तुला." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे फारच.

दर रविवारी सकाळी त्यांचा फोन यायचा. कामाचं बोलणं चार मिनिटांत संपायचं. मग मी उगीचच काहीबाही विचारत राहायची. नळाला पाणी किती वाजता आलं? कोपऱ्यावरचा चक्कीवाला अजून आहे का? शेंगा लागल्या का? ते आपले साधेपणानं उत्तरं द्यायचे, "आलतं की पाणी, पाच वाजता. लई जोरात आलतं." मी कान देऊन ऐकायची. पुण्यात बेळगावचा कुंदा मिळतो, ही बोली मिळत नाही. मी स्वतः ती बोलत नाही. पहिल्या नोकरीत कुणीतरी हसलं तेव्हापासून सोडली. आणि आता फोनवर एक परका माणूस 'व्हय', 'न्हाय' म्हणायचा, तर आप्पाच पाळीवरून आल्यासारखं वाटायचं. एकदा मी त्यांना टाकी भरतानाचा व्हिडिओ पाठवायला सांगितला. म्हटलं, गळती थांबली का बघते. त्यांनी पाठवला. त्यात एका कडेला धुण्याचा दगड दिसत होता, आणि मागून कुठल्यातरी खोलीतून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. तो मी किती वेळा बघितला ते सांगायची लाज वाटते.

सुरुवातीला ते मला म्याडम म्हणायचे. तिसऱ्या का चौथ्या महिन्यात एकदा सहज म्हणाले, "काळजी करू नका आक्का, मी हाय न्हवं." मी फोन ठेवला आणि खुर्चीवर तशीच बसून राहिले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? काय सांगणार? मला कुणीतरी आक्का म्हणालं, हे काही सांगण्यासारखं कारण नव्हे.

आईची एक रीत होती, ती इथं सांगायला हवी. नवीन बिऱ्हाड आलं की टेम्पो फाटकाशी थांबायचा, वर गाद्या, गॅसची शेगडी, कपाट दोरीनं करकचून बांधलेलं. आई पदर खोचून फाटकात जायची. तिनं कधी कुणाला आडनाव विचारलं नाही, जात विचारली नाही, तुम्ही घरात काय शिजवता हेही विचारलं नाही. ती स्वतःचं सांगायची. "आमी बौद्ध हाय. पटत असंल तर दोरी सोडा. न्हायतर टेम्पो वळवाय म्होरं जागा हाय." एवढं बोलून आत यायची आणि राहिलेलं काम हातात घ्यायची.

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी अकरावी-बारावीत असताना एकदा तिच्याशी कडाकडा भांडले होते. कोण विचारतंय तुला? कशाला आपण होऊन सांगतेस? आई शांतपणे म्हणाली, सामान लागल्यावर त्यांना कळलं तर पुन्हा भरावं लागतं, बायाबापड्यांचे हाल होतात. मला तेव्हा ते खरंच वाटलं. तिला त्यांच्या कपाटाची काळजी आहे असं वाटलं. काही टेम्पो वळले. पण बहुतेकांनी दोरी सोडली, आणि एकदा सोडली की ती माणसं वर्षानुवर्षं राहिली. एक ओडिशाकडचा फौंड्रीवाला तर हे सगळं ऐकून घेऊन 'पानी कब आता है' एवढंच विचारत उभा होता. आई त्याची आठवण काढून पुढं कितीतरी दिवस हसायची.

तिच्या या रीतीच्या मागं आप्पांचं बेळगावातलं पहिलं वर्ष होतं. आप्पा निपाणीहून फौंड्रीच्या नोकरीला आले तेव्हा आई तंबाखूच्या वखारीत काम करत होती आणि मी तिच्या पोटात होते. आप्पा खोली बघत हिंडायचे. घरमालक खोली दाखवायचे, भाडं सांगायचे, मग आडनाव विचारायचे. आडनाव ऐकलं की म्हणायचे, खोली गेली. आत्ताच गेली, सकाळीच गेली, काल रात्री एकजण ठरवून गेला. आप्पा हे आम्हाला नकला करून सांगायचे, प्रत्येक घरमालकाचा आवाज वेगळा काढायचे. आम्ही पोरं खदाखदा हसायचो. आई मात्र त्या वेळी उठून आत जायची. वर्षभर ते सहा कामगारांबरोबर एका पत्र्याखाली राहिले, आणि मी दहा महिन्यांची झाल्यावर त्यांनी मला दुसऱ्यांदा बघितलं.

मागच्या खोल्या मार्गी लागल्या तरी पुढचा भाग, आईचा, मी रिकामाच ठेवला होता. अण्णा म्हणाला, बंद घराला वाळवी लागते, वर्ष संपत आलंय, तोही भाड्यानं दे. मला जीवावर आलं होतं. आईच्या चुलीच्या ओट्यावर दुसऱ्या कुणाचे डबे, ही कल्पनाच करवत नव्हती. पण तिथं पुन्हा कुणीतरी राहावं, संध्याकाळी दिवा दिसावा, फोडणीचा वास अंगणात यावा, हेही मनातून हवं होतं. शेवटी रविवारच्या फोनवर मी हो म्हणाले. भाड्याचं तुम्ही ठरवा, म्हटलं, फक्त चांगली माणसं बघा. चांगली म्हणजे कशी, ते मी सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण त्यांना ते ठाऊकच होतं.

तीन रविवारांनी त्यांचा फोन आला तेव्हा ते खुशीत होते. दोन पार्ट्या बघून गेल्या, एक जवळजवळ ठरली, रेल्वेतले आहेत, नवरा-बायको दोघंच. मग म्हणाले, "आदी एक पोरगी आलती, आक्का. निपाणीची. इथंच एका कारखान्यात इंजनेर हाय. पोरगी बघाय गेलं तर चांगली. सगळं पटलंतं तिला, आडव्हान्स काढत हुती. मग मी आडनाव इचारलं. आपलं तुमचं घर, देवाधर्माचं. मी परस्परच सांगिटलं, खोली गेली म्हणून. तुमच्यापतूर काय येऊ दिलं न्हाय."

मी म्हणाले, "बरं."

हा शब्द माझ्या तोंडून गेला आहे. तो मी कितीही वेळा आठवून बघितला तरी तसाच ऐकू येतो, शांत, सभ्य, पुण्यातला. त्यांनी पुढं ड्रेनेजचं काहीतरी सांगितलं, मी त्यालाही बरं म्हणाले. फोन ठेवल्यावर मला त्यांचा भयंकर राग आला. आणि मग हळूहळू कळलं की त्यांनी माझ्याशी काहीच लबाडी केलेली नव्हती. दहाव्या घराची किल्ली त्यांनी पहिल्या नऊ घरांसारखीच वापरली. ते घर वेगळं आहे हे त्यांना सांगणारी एकच व्यक्ती होती, आणि ती चक्कीवाल्याची चौकशी करत बसली होती.

आईनं तीस वर्षं फाटकात उभं राहून जे बोलायचं टाळलं नाही, ते मी एका वर्षात एकदाही बोलले नव्हते. तिच्या घराच्या दारातून, माझ्या नावानं, निपाणीच्या पोरीला 'खोली गेली' म्हणून सांगितलं गेलं. आईला हे कळलं असतं तर ती ओरडली नसती. उठून आत गेली असती.

पुढच्या रविवारचा फोन मी उचलला नाही. त्यांचे दोन मेसेज आले, तब्येत बरी आहे ना म्हणून. मी 'गुरुवारी येते' एवढंच कळवलं, रजा टाकली आणि त्या दिवशी पहाटेची बस धरली. कोल्हापूर सोडलं, कागल गेलं. निपाणीत बस दहा मिनिटं थांबते. एरवी मी तिथं उतरून उगीच इकडंतिकडं बघते, कुणी ओळखीचं दिसतंय का. त्या दिवशी जागेवरून हलले नाही. खिडकीतून तंबाखूचा तो उग्र गोडसर वास आला आणि आईच्या लुगड्याची इतकी आठवण झाली की शेजारच्या बाईंनी न विचारता पाण्याची बाटली पुढं केली.

घरी पोचले तर ते आधीच आले होते. पुढची खोली झाडून घेतलेली, मागच्या एका बिऱ्हाडाकडून प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणून मांडलेल्या. येत्या रविवारी रेल्वेवाले येणार म्हणून मी बघायला आले असं त्यांना वाटलं होतं. मी बसले. भिंतीवर तसबिरी होत्या त्या दोन चौकोनांत रंगाखालून अजूनही फिकट कडा दिसत होत्या. बसमध्ये मी बोलायचं सगळं पाठ केलं होतं, शिकवायला जाताना करते तसं. त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हणाले, "मी बौद्ध आहे. आईवडील निपाणीचे. हे घर त्यांनी बांधलं."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग नजर खाली गेली, ती त्या कापडी पिशवीवर थांबली. बाहेर कुणीतरी अंगणात बादली सरकवत होतं.

"आदी सांगायचं की," ते म्हणाले.

त्यात राग नव्हता. उलट काहीतरी दुखल्यासारखा आवाज होता. मी विचारलं, आधी सांगितलं असतं तर हे काम घेतलं असतं का तुम्ही? मला वाटलं, ते म्हणतील, असं कसं म्हणता, आम्ही काही मानत नाही. सगळे तसंच म्हणतात, माझ्या स्टाफरूममध्येही तसंच म्हणतात.

"म्हाईत न्हाय," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पर त्या पोरीला न्हाय म्हनालो नसतो."

मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला काय म्हणावं कळत नाही. राग होताच. पण इतकं खरं उत्तर मला आजवर कुणी दिलं नव्हतं, तेही खरं. मी त्यांच्याकडे चौकशीची वही मागितली. सुंदर वळणदार अक्षर, नाव, गाव, फोन, शेरा. त्या मुलीच्या नावापुढं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'गेली म्हणून सांगितले.' ते म्हणाले, मी करतो फोन, माझी चूक. मी म्हटलं, चूक दोघांची आहे, फोन मी करते.

तिनं उचलला तेव्हा मागं यंत्रांचा आवाज होता. थोडी बाजूला येते म्हणाली. मी कोण ते सांगितलं, घर कुठलं ते सांगितलं, खोली गेलेली नव्हती हे सांगितलं. ती नुसतं 'हां म्याडम' म्हणत होती. तिला यात नवीन काही नव्हतं. मग मी सांगितलं की मीही बौद्ध आहे, निपाणीची, माझे वडील तुझ्यासारखेच उद्यमबागेत होते, घर तुझंच समज, उद्या ये. हे सगळं मी भडाभडा बोलले. शिकवणाऱ्या बाईसारखी अजिबात नाही.

यंत्रांचा आवाज कमी झाला, ती आणखी बाजूला आली असावी.

"मग फाटकावर पाटी का न्हाय लावली, म्याडम?" तिनं विचारलं. "नाव वाचलं असतं तर मी सरळ तुमचा नंबर मागून घेतला असता."

तिनंच मला सांभाळून घेतलं. म्हणाली, मला आता खोली मिळालीय, मागच्याच आठवड्यात सामान नेलं, घरमालक बरे आहेत. पुन्हा हलवायची ताकद नाही, आईलाही आणलंय. मग आवाज खाली गेला. "एक कराल का? त्या काकांना सांगा, आमच्या घरमालकांशी माझ्याबद्दल काय बोलू नका म्हणून. वळख असायची त्यांची. मी तिथं वडलांच्या नावापतूरच सांगिटलंय. आडनाव न्हाय सांगिटलं."

मी फोन ठेवला. काका समोरच होते, त्यांना अर्धंमुर्धं ऐकू गेलं होतं, उरलेलं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. पिशवीतून पुढच्या दाराची किल्ली काढून पुठ्ठ्यासकट माझ्यापुढं ठेवली. पुढचा भाग आता द्यायचा नाही, असं मी म्हटलं, आणि रेल्वेवाल्यांना ते संध्याकाळी जाऊन नाही म्हणून सांगून आले. मागच्या चार खोल्यांचं काम सोडणार का, असं मी विचारलं, तर म्हणाले, तुमची इच्छा असेल तर करतो. मी म्हटलं, करा, फक्त नवीन कुणी आलं की घर कुणाचं आहे ते आधी सांगायचं. व्हय, म्हणाले. आणि उठताना म्हणाले, "येतो, म्याडम."

ते अजून काम करतात, पहिल्यासारखंच चोख. रविवारी फोन येतो, मी पहिल्या रिंगला उचलते. पाणी कधी आलं ते सांगतात, शेंगा उतरवून खोल्यांत वाटल्या ते सांगतात. आक्का मात्र परत कधी म्हणाले नाहीत. तो शब्द काही मागून घेता येत नाही. मी चक्कीवाल्याचं विचारते, ते उत्तर देतात, आणि फोन ठेवतात.

पुण्याला परतले त्या आठवड्यात वर्ष पुरं झालं. अण्णाचा फोन आला. मागच्या खोल्या भरलेल्या आहेत, तक्रार नाही, त्याला ते पटलं होतं. पण पुढचा भाग का दिला नाहीस, असं त्यानं विचारलं. मी त्याला सगळं सांगितलं, माझं 'बरं' सुद्धा. त्यानं मधे एकदाही अडवलं नाही. मग विचारलं, मग काय, विकायचं का ठेवायचं?

मी म्हणाले, ठेवायचं. आईच्या खोल्या कुणाला द्यायच्या नाहीत, झाडून-पुसून तयार ठेवायच्या. त्या मुलीच्या घरमालकाला एक दिवस तिचं आडनाव कळेल, तेव्हा तिला आणि तिच्या आईला त्याच दिवशी कुठंतरी जाता यायला हवं.

"म्हंजे तवर घर रिकामंच ठेवायचं?" अण्णानं विचारलं.

"हो. त्यांना आडनाव कळेपर्यंत."

मला वाटलं, आता हिशेबी काहीतरी बोलेल. पण तो हळूच म्हणाला, "मग लई दिवस न्हाय लागायचे."